सोमवारच्या आधीचा शनिवार

प्रिय भाऊजी,

त्या शनिवारी सकाळी मी भांडी घासली, ओटा पुसला, तुमच्या प्रयोगाच्या बाटल्या धुऊन खिडकीत उपड्या घातल्या. तुम्ही येणार होतात म्हणून चहाचं आधण जरा जास्तच ठेवलं. एवढं नीट आठवतं. पुढचं दुसऱ्या कुणाच्या घरात घडल्यासारखं वाटतं.

शाळेने कारखान्यांशी बोलून विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाला एकेक इंजिनिअर जोडून दिला, तेव्हा हे कुरकुरलेच होते. पंप बनवणारा माणूस मला काय शिकवणार, म्हणाले. मग तुम्ही आलात आणि आमचं जेवणाचं टेबल तुमचंच झालं. सोमवारी वर्गात करायचा प्रयोग शनिवारी आधी माझ्यावर. वहिनी, कळलं का, भीड ठेवू नका, असं तुम्ही विचारायचात. मी नाही म्हटलं की दोघं एकमेकांकडे असे बघायचात, जणू भाजीत मीठ मीच विसरले. हे म्हणायचे, हिने मान डोलावल्याशिवाय वर्गात पाऊल टाकायचं नाही. सातवीत सुटलेली माझी शाळा त्या टेबलावर पुन्हा भरली.

यांच्या जागी आलेली मुलगी परवा घरी आली. आवाज बसलेला. बाटलीच्या तोंडाला फुगा लावून बाटली गरम पाण्यात ठेवली, तर तो फुगलाच नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, बाई, तुम्हीच फुंका. सगळा वर्ग हसला. तिला जोडीला इंजिनिअर नाही. शाळेच्या यादीत तुमचं नाव अजून यांच्याच नावापुढे आहे आणि तुम्ही शाळेचा फोन उचलत नाही. नोकरी सोडते म्हणाली. मी चहा दिला. मला काही वाटलं नाही. हल्ली वाटत नाही. ती गेल्यावर तिचा कप मात्र बराच वेळ हातात राहिला.

तुम्ही का येत नाही, ते मला माहीत आहे. फुगे आणायला यांना तुम्ही पाठवलंत आणि हे रस्त्यातच कोसळले. भाऊजी, हे चप्पल घालत होते तेव्हा दूधही आणा म्हणून पिशवी मीच हातात दिली होती. डॉक्टर म्हणाले, घरी बसून राहिले असते तरी तेच झालं असतं. मी ते मानलं. तुम्हीही माना आणि या शनिवारी या. तिलाही ये म्हटलंय. ती येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच दुकानात गेले आणि फुग्यांचं पाकीट घेऊन आले.

तुमचीच,
वहिनी