डावा चॅनल

विलेपार्ले

प्रिय अनिरुद्ध,

मी अजून रागावलेलीच आहे, हे आधी लिहून टाकते. नाहीतर पत्र आलं म्हणजे ताई विरघळली, असं समजून तू शेफारशील. दोन महिन्यांपूर्वी मुलुंडला, राजारामदादाच्या लेकीच्या, तेजलच्या साखरपुड्यात, जेवताना मी तुझ्या कानाशी लागून तुला एक गोष्ट सांगितली. तू श्रीखंड चाटत मान डोलावलीस आणि म्हणालास, "वा! छान झालं. पुऱ्या गरम आहेत, घे ना." माझा घास तोंडातच राहिला. माझा सख्खा भाऊ इतका निगरगट्ट? त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलणं टाकलं, आणि तुला त्याचा पत्ताही नाही!

वर परवा तुझा मेसेज. "ताई, मरोळचा दुकानदार मला गंडवतोय. भारीतला सीडी प्लेयर म्हणून दाखवतो आणि त्याचा डावा चॅनल बसलेला, डावीकडून आवाजच कमी. तू जाऊन ऐक. कॉन्व्हेंटच्या इंग्लिशमध्ये झाड त्याला." कॉन्व्हेंटच्या मुलींना यमन म्हणजे यमाचा धाकटा भाऊ वाटतो, असं म्हणत ज्याने मला जन्मभर छळलं, त्याला आता माझे कान हवेत! तरी गेले. तुझ्यावर राग असला म्हणून काय झालं, माझ्या भावाला दुसऱ्या कोणी टोपी घातलेली मला चालत नाही.

दुकान एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, वरच्या मजल्यावर. तिथल्या प्रीतम नावाच्या जेल लावलेल्या विक्रेत्याने मला नखशिखांत न्याहाळलं आणि माझ्या पाठीमागे पाहत विचारलं, "आंटी, साहेब नाही आले?" मी म्हटलं, साहेबांचं नाक मी लहानपणी पुसलंय. ऐकायला मी आलेय. आणि आंटी तुझ्या घरी. मग त्याने खुर्ची दिली.

मी तुझी यमनची डिस्क नेली होती, शुभाने तुला भेट दिलेली आणि माझ्याकडेच राहिलेली. माझ्या वर्गातली शुभा, जिच्याबद्दल आईशी बोलायचं धाडस तू शेवटपर्यंत केलं नाहीस, आणि तरीही जी तुझ्याशी मैत्री राखून राहिली. पहिला प्लेयर नुसता भपका. तबल्याची प्रत्येक थाप कपाळावर टिचकी मारल्यासारखी. दुसरा, तू बिघडलेला म्हणतोस तो, मात्र खरोखर चांगला आहे रे. तंबोरा आपल्या जागी मागे, गळा पुढे, आणि गाणाऱ्या बाईंनी श्वास कुठे घेतला तेसुद्धा कळतं. डोळे मिटून ऐकलं. डावा, उजवा, दोन्हीकडून आवाज अगदी सारखा. प्रीतमला झाडायला म्हणून तोंड उघडलं होतं, ते मिटावं लागलं.

तोच म्हणाला, "मॅडम, साहेबांनी माझी वाट लावली ना! डावा कमी, डावा कमी. स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या, तरी डावाच कमी. तीन प्लेयर लावले. तिन्हींचा डावाच कमी!"

तो हसत होता. मी खुर्चीला खिळले. वायरी बदलल्यावर तरी दोष बाजू बदलेल ना? तीन यंत्रं एकाच बाजूने बिघडतात? गाढवा, तुझ्या डोक्यात हे आलं नाही, की आलं आणि ते कबूल करायला नको म्हणून मला पाठवलंस? तू फोन करायचं सोडून मेसेजवर का आलास, मी बोलायला लागले की गर्रकन मान का वळवतोस, सगळं तिथे बसल्या बसल्या कळलं. त्या पोराला यंत्राचा दोष सांगत फिरलास, आणि मला, सख्ख्या बहिणीला, एक शब्द नाही! काय केलं असतं मी? हसले असते? हो, कदाचित हसले असते. पण नंतर तुझा हात धरून डॉक्टरकडेही नेलं असतं. पार्ल्यातल्या कानाच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली आहे. नाही म्हणायची सोय नाही. प्लेयर त्यानंतर.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते. बसून वाच. साखरपुड्याच्या पंगतीत मी तुझ्या डाव्या बाजूला होते. तुला सांगत होते, आपली शुभा गेली. त्याच आठवड्यात, झोपेतच, फार हाल न होता. तू ते ऐकलंच नव्हतंस. आणि मी मात्र घाटकोपरला जाऊन तिच्या लेकीला, जयाला, रागाच्या भरात सांगून आले की अनिरुद्धला कळवलंय, पण त्याला काही वाटलेलं दिसत नाही. ती पोरगी नुसती चहाचे कप उचलत राहिली. दोन महिने ती तुला तसाच माणूस समजते आहे. रडून घे, हवं तेवढं. मग मला कळव. आपण दोघं जयाकडे जाऊ, आणि तिच्यासमोर मला खोटं पाड.

तुझीच,
अनुताई