योनाच्या डोक्यावरचा एरंड

४ ऑगस्ट २०२४, रविवार

झालं! शेवटची ओळ झाली. बायबलातला योना आता आमच्या गंगाखेडच्या बोलीत बोलायला लागला. चौतीस वर्षं वर्गात पोरांना "शुद्ध बोला रे" म्हणून ओरडले आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या हातानं 'लय', 'न्हाई', 'जायलाय' लिहायलेय – तेही शास्त्रात! शाळेतल्या बायकांना कळलं तर हसून लोळतील.

एक शब्द तेवढा राहिला. किकायोन. योना रुसून गावाबाहेर उन्हात बसतो, तेव्हा देव त्याच्या डोक्यावर एक झाड उगवतो – ते झाड. आमची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या त्याला भोपळ्याचा वेल म्हणते. हिब्रूत मात्र वेल असं कुठं म्हटलेलं नाही. त्या जागी पेन्सिलीनं गोल काढून ठेवलाय.

आमच्या चर्चचे जीवन पाळक उपासना संपल्यावर म्हणाले, "बाई, दिवाळीच्या आत रेकॉर्ड झालं पायजे. निम्मी मंडळी तोडीला जाईल." ऊस तोडायला जाणाऱ्यांच्या मोबाइलवर घालून द्यायचं, पाचटाच्या कोपीत बसून ऐकतील, ही कल्पना त्यांचीच. आवाज कुणाचा, हा सवालच नाही. माणिकरावांचा! चाळीस वर्षं उपासनेत पाठ तेच वाचतात. वय शहात्तर, पण आवाज घागरीतून आल्यासारखा. त्यांची बायको कडूबाई गेल्या वर्षी वारली तेव्हापासून बोलणं कमी झालंय. वाचायला उभे राहिले की मात्र तेच पूर्वीचे माणिकराव.

७ ऑगस्ट

योनावरच्या लेखांच्या पुण्याहून आणलेल्या झेरॉक्स आज दिवसभर वाचल्या. डाळ करपली. काय गंमत आहे!

या एका झाडावरून सोळाशे वर्षांपूर्वी भांडण झालंय. बेथलेहेमात राहणाऱ्या एका पंडितानं मूळ हिब्रूवरून लॅटिनमध्ये नवं भाषांतर केलं. सगळे भोपळा म्हणत होते, त्यानं दुसऱ्याच एका वेलीचं नाव घातलं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका गावात बिशपनं ते उपासनेत वाचलं – आणि लोक उठले की! आम्ही लहानपणापासून ऐकलं ते हे नव्हे! एवढा गोंधळ की बिशपला शब्द मागं घ्यावा लागला, नाहीतर मंडळीच उरली नसती. दुसऱ्या एका बिशपनं हे सगळं पंडिताला पत्रानं कळवलं. पंडित तापट. त्यानं उलट लिहिलं – हे झाड रुंद पानांचं आहे, स्वतःच्या खोडावर उभं राहतं, लॅटिनला त्याचं नावच नाही. मूळ शब्द ठेवला असता तर कुणाला कळला असता?

त्या बिचाऱ्याकडे नाव नव्हतं. माझ्याकडे असेल का?

१० ऑगस्ट

पाऊस. काही सुचलं नाही. शेंगा भाजून खाल्ल्या.

१४ ऑगस्ट

सापडलं! आणि सापडवलं कुणी – अंबाबाईनं!

अंबाबाई शेजारच्या वस्तीवरची. नदीकाठच्या पडीक रानात तिची तीस-पस्तीस मेंढरं चरतात. दुपारी पाणी प्यायला माझ्या ओट्यावर येते आणि टेकते. योना देवापासून पळतो, मासा त्याला गिळतो, असा एकेक अध्याय मी तिलाच वाचून दाखवत आले. तिचा खंडोबा, माझा येशू, तरी तिच्यासारखं ऐकणारं दुसरं कोणी नाही. न कळलेलं वाक्य तिच्या कपाळावरच दिसतं.

शहर बुडणार हे ऐकून निनवेचा राजा ताकीद देतो की माणसांनी काही खायचं नाही आणि जनावरांनीही नाही, तिथं ती केवढी हसली! "मेंढराला उपास? राजानं कधी मेंढरू राखलं न्हाई वाटतं."

मग शेवटचा अध्याय. देवानं शहराला माफ केलं, म्हणून योनाला राग. शहर बुडालेलं बघायचं होतं त्याला. तो बाहेर जाऊन बसतो. देव डोक्यावर झाड उगवतो आणि दुसऱ्या दिवशी अळी लावून ते वाळवतो. मी विचारलं, "अंबाबाई, असं झाड कोणतं? भराभर वाढणारं. पान हे एवढं मोठं, बोटं फाकल्यासारखं. खोड आतून पोकळ. अळी लागली की उन्हात मान टाकणारं."

तिनं नुसती हनुवटी उडवली. बांधाकडे. "ते काय. एरंड."

मी बघतच राहिले. झेरॉक्समधल्या चार विद्वानांनी पानं भरून तेच म्हटलंय आणि मी इंग्रजी नावावरच अडले होते. माझ्याच बांधावर उभा!

अंबाबाईचं पुढं चालूच. "पर बाई, एरंडाची कसली आली सावली? अन् तेवढ्यानं हा गडी खूष झाला? ओसाड गावात एरंड बळी, त्यातली गत!"

हे तर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. भोपळ्याचा वेल म्हटलं की मांडव होतो, गारवा होतो, योना शहाणा दिसतो. एरंड म्हटला की योना आहे तसा दिसतो – एवढ्या मोठ्या शहरासाठी एक थेंब नाही, आणि एरंडासाठी रडतो!

शेवटी देव विचारतो, तुला झाडाची कीव येते, मग मला त्या शहराची येऊ नये? तिथं लाखावर माणसं आणि कितीतरी जनावरं आहेत. गोष्ट तिथंच संपते. योनाचं उत्तर नाही. अंबाबाई म्हणाली, "जनावरं बी धरली का त्यानं? मंग बरा हाय हा देव." आणि उठून मेंढरांमागे गेली.

पेन्सिलीचा गोल खोडला. एरंड लिहिलं. शाईनं.

१८ ऑगस्ट, रविवार

उपासनेत चौथा अध्याय मीच वाचला. सगळ्यांना ऐकवावा म्हणून. 'एरंड' आला आणि मागच्या रांगेतल्या बायका फसकन हसल्या! मग पुढचेही. आमच्या पत्र्याच्या प्रार्थनामंदिरात पाठ चालू असताना लोक हसलेले मी कधी ऐकले नाहीत. कळलं म्हणून हसले. मला इतका आनंद झाला की पुढची ओळ सापडेना.

माणिकराव उभे राहिले. "शास्त्र वाचायलाय का तमाशा चाललाय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चाळीस वर्षं मी वेल म्हणत आलो. आता एरंड कामून? उद्या येशूला बी दुसरं नाव द्याल." आणि निघून गेले. चपला हातातच घेऊन.

सोळाशे वर्षांत काही बदललं नाही! जीवन पाळकांना त्या आफ्रिकेतल्या गावाची गोष्ट सांगितली तर ते हसले. मग हसायचे थांबले. "पर बाई, आवाज तेच देणारेत."

२५ ऑगस्ट, रविवार

माणिकराव आले, एकटे मागे बसले. पाठ वाचायला उठले. तोच नेहमीचा, 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हा. जीवन पाळक नंतर हळूच म्हणाले, "वर्ष झालं, हेच सात-आठ पाठ वाचायलेत. नवा दिला की म्हणतात, पुढच्या रविवारी." मी म्हटलं, बायको गेल्यावर माणूस ओळखीचं धरून बसतो. आमचे हे गेले तेव्हा माझंही तसंच झालं होतं. दोन वर्षं एकाच ताटात जेवले.

३ सप्टेंबर

माणिकरावांच्या घरी गेले. टाइप केलेला कागद नेला होता. बसायला बाज दिली, गूळ-शेंगदाणे दिले. सगळं रीतीनं. मी किकायोन समजावला, पान तोडून नेलं होतं तेही दाखवलं. ऐकून घेतलं. कागद घडी घालून खिशात ठेवला.

"तुमी शिकलेल्या. तुमचं खरं असंल. पर मी वाचणार न्हाई."

पान मात्र हातात फिरवत बसले होते.

९ सप्टेंबर

पोळा होऊन आठवडा झाला. अंबाबाईच्या पाठीला चमक भरलीय, म्हणून तिची मेंढरं आज तिच्या जावेनं आणली. करमलं नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

जीवन पाळक म्हणाले, "एका शब्दासाठी असा आवाज घालवायचा का, बाई?"

दिवसभर तेच डोक्यात. एरंड खरा आहे. पण मी हे कुणासाठी केलं? ऊसतोडीच्या थळात दमून पडलेल्या माणसाला माणिकरावांच्या आवाजात 'वेल' ऐकणं बरं की दुसऱ्या कुणाच्या आवाजात 'एरंड'? त्या बिशपनं शब्द मागं घेतला तेव्हा मी त्याला मनातून भित्रा म्हटलं होतं. आता वाटतं, त्याला आपली माणसं ठाऊक होती.

१७ सप्टेंबर

वेल केला. नवी प्रत काढली, मोठ्या अक्षरात, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसावी म्हणून. वाईट वाटलं, पण फार नाही. खाली टीप घालीन. कधीतरी कुणीतरी वाचेल.

आज मुक्तिसंग्राम दिन. कोपऱ्यावरच्या झेंड्यापाशी लाडू वाटले. उद्या माणिकरावांकडे.

१८ सप्टेंबर

इतका राग मला शाळेत असताना साहेबांचाही आला नव्हता!

गेले. म्हटलं, "माणिकराव, तुमच्या मनासारखं केलंय. बघा." मुद्दामच शब्द तोंडानं सांगितला नाही. त्यांनी स्वतः वाचावा, हसावं, अशी माझी हौस. त्यांनी कागद घेतला. उजेडाकडे धरला. वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, सावकाश. मी वाट बघत होते.

मग म्हणाले, "एरंड हाय तवर मी वाचणार न्हाई. सांगितलं ना एकदा."

समोर 'वेल' लिहिलेलं! एवढ्या ठळक अक्षरात! वाचायची तसदीसुद्धा घेतली नाही माणसानं. मी कागद तिथंच बाजेवर टाकला आणि आले. 'येते' सुद्धा म्हटलं नाही.

१९ सप्टेंबर

एरंड परत घातला. शाईनं!

२९ सप्टेंबर, रविवार

अंबाबाईची पाठ बरी. सहा तारखेला रेकॉर्डिंग. जीवन पाळक स्वतः वाचणार. आवाज बारीक आहे त्यांचा, पण उच्चार स्वच्छ. राग उतरलाय. माणिकराव आज आले नाहीत. त्यांच्या जागेवर कुणी बसलं नाही.

सोयाबीन काढणीला आलंय. भर दुपारी ओट्यावर बसले की बांधावरच्या एरंडाचं हलणं दिसतं. सावली खरंच नाही त्याला! तरी बरं वाटतं.

५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी दार उघडलं तर माणिकराव ओट्यावर. मी टाकून आलेला कागद मांडीवर नीट पसरलेला.

"बाई, ह्याच्यात काय लिवलंय? मला अक्षर येत न्हाई. कधीच आलं न्हाई. कडूबाई वाचायची, मी ऐकायचो. पुस्तक नुसतं हातात धरायचो." खाली बघून म्हणाले, "तिनं सांगितलं तेवढंच हाय माझ्यापाशी. नवं कुठून आणू?"

मी आत गेले. चहा टाकला. पहिला अध्याय घेऊन बाहेर आले आणि त्यांच्या शेजारी बसले. जीवन पाळकांना फोन केला, उद्या नको, दिवाळीच्या आधी करू, कारण विचारू नका.

मी एक ओळ वाचायची, त्यांनी म्हणायची. एकदा ऐकलं की पुरे होतं त्यांना. दुपारपर्यंत योना माशाच्या पोटात पोचला.