मागच्या दाराची फट

३१ जानेवारी, शनिवार

देवाला आज काय सांगितलं, तर वारा बंद कर! मोठी ऑर्डर येतेय म्हणून कारखान्याचे मालक हरिश्चंद्रभाऊंनी मशीनसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं — आमची रबरी पट्टी लावलेल्या दारातून मुंगीच्या श्वासाएवढाही वारा जाता नये रे महाराजा. सगळे म्हणाले, व्हय महाराजा. मी गप्प.

कारण सकाळी पुण्याच्या कंपनीचं पत्र मीच वाचून दाखवलं होतं. भाऊंचा चष्मा हरवलाय. नमुन्याचं दार पास झालं की आम्हा अकराही कामगारांच्या घरच्या दारांना पट्ट्या लावायच्या नि फोटो पाठवायचे. जाहिरातीसाठी. ती ओळ गाळता आली असती. पण चौथीनंतरचं वाचायला मी माझी मीच शिकले, एकेक अक्षर धरून. गाळायची सवय नाही.

१ फेब्रुवारी

मागचं दार वाजतंय. पावसात फुगलं म्हणून यांनी एका श्रावणात रंध्याने तासलं. उन्हाळ्यात आक्रसलं, आणि खाली बोटभर फट राहिली. मी बोलले तर म्हणाले, "वाऱ्याला नको का जागा?"

यांना जाऊन चार वर्षं झाली. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की फटीत शीळ वाजते. यांच्यासारखीच बेसूर. मी चहाचं आधण थोडं जास्त ठेवते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

नापास! पुण्याच्या माणसाने बंद दाराच्या कडेने अगरबत्ती फिरवली. धूर सरळ वर जायला हवा. खालच्या कोपऱ्यात तो वाकला आणि आत ओढला गेला. शुक्रवारी पुन्हा येतो, ती शेवटची संधी, म्हणाला. ऑर्डर गेली तर कारखाना बंद. आम्ही अकरा जण कुठे जाणार?

भाऊंनी मशीन बघितलं, गोंद बघितला, चौकट मोजली. पट्टीचे कोपऱ्याचे तुकडे मी कापते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. चौदा वर्षांचा सरावलेला हात.

४ फेब्रुवारी

दोष सापडला — गाऱ्हाण्यात एक तोंड कमी पडलं! पॅकिंगची राजश्री म्हणाली, हिचे ओठ हलले नव्हते, मी बघितलंय. अमरीन माझ्या शेजारच्या बाकावर असते. ती म्हणाली, "काकी, मीसुद्धा म्हटलं. माझं चाललं, मग तुमचं कुठे अडलं?"

सांगितलं मग. दार, फट, शीळ, सगळं. मला वाटलं हसतील. कुणी हसलं नाही. राजश्रीने नाक पुसलं. भाऊंनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "वहिनी, देवाला अट घालता येते."

५ फेब्रुवारी

दुसरं गाऱ्हाणं. नारळही दुसरा, पहिल्याची चटणी झाली. कुठल्याच दारातून वारा जाता नये रे महाराजा, मात्र सावित्रीवहिनीच्या मागच्या दाराची फट तेवढी वगळून! राजश्रीने मधेच थांबवलं — पत्ता सांगा, घोटाळा नको. मग भाऊंनी देवाला घर नंबर सांगितला. ग्रामपंचायतीचा. विहिरीकडचं दार, हेही सांगितलं.

व्हय महाराजा. या खेपेला सगळ्यांत मोठा आवाज माझा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पास! धूर काठीसारखा सरळ.

७ फेब्रुवारी

दहा घरांचे फोटो गेले. अकराव्याबद्दल भाऊंनी माझ्याकडून लिहून घेतलं — "सदर घरास देवाची हरकत आहे." पुण्याहून उत्तर आलं, ठीक आहे. अमरीनचं दार आता दोघांनी ओढल्याशिवाय उघडत नाही. घरचे मागून ये-जा करतात.

८ फेब्रुवारी

आज फटीला तोंड लावून यांना सांगितलं. मंगळवारच्या दाराचा कोपऱ्याचा तुकडा मी जवभर आखूड कापला होता. मुद्दाम. शुक्रवारचा बरोबर कापला.