आजेपाडव्याचं पाणी

अण्णा,

या आठवड्यात टपालानं आलं ते असं: पाण्याचं बिल, किराणा दुकानाची जाहिरात आणि मतपत्रिका. बिल भरलं. जाहिरातीतून तूरडाळीचं कूपन कापून घेतलं. मतपत्रिका फुकट, परतीच्या पाकिटाला तिकीटही लागत नाही. तिच्यात विचारलं होतं, पाण्याचे जुने पाइप आणि टाक्या बदलायला सरकारनं बॉण्ड काढावेत का. म्हणजे कर्ज, आणि ते फेडायचं आम्ही सगळ्यांनी, वर्षानुवर्षं, करातून.

तुम्ही नाही म्हणाला असतात. म्हणालाच होतात. नळयोजनेसाठी गावानं थोडं कर्ज उचलायचं होतं. तुम्ही पंच, ग्रामसभेत विरोधाचा पहिला हात तुमचा. "माझ्या घरी चार नळ आहेत, चालतेबोलते." पुरुष हसले. आम्ही चार बहिणी. मी मागे कळशी घेऊन उभी आहे, कमरेवरून पाणी ओघळतंय. योजना पडली. त्याच वर्षी जूनमध्ये आईची पाठ धरली. मी नुकती मॅट्रिक झालेली. कॉलेजचं नाव काढलं तर तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "तू गेलीस तर पाणी कोण भरेल?" आणि ताक वाढायला सांगितलंत.

इथे अमेरिकेत, फ्रीमाँटला, मतपत्रिका घरी बसूनच भरतात. आमचे हे म्हणाले, "अगं, झिपलॉकच्या पिशव्या धुऊन वापरतेस आणि एवढ्या कर्जाला हो म्हणतेस?" मुलगा लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाला, "आई, नॉट अवर प्रॉब्लेम. आपल्याकडे पाणी येतंय ना?" अगदी तुमचा सूर. मी 'हो'पुढचा गोल इतका दाबून भरला, की कागदाच्या मागे उमटला. तो तुमच्या वर गेलेल्या हातावर दाबला, असं समजा.

पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. तुम्हाला मुलगा नाही. म्हणून आजेपाडव्याला, घटस्थापनेच्या दिवशी, माझा मुलगा तुम्हाला तिळपाणी देतो. गुरुजी फोनवरून मंत्र सांगतात. आज सकाळी त्यानं विचारलं, "आई, गुरुजींना कॉल करू?"

"कॅन्सल कर. या वर्षी आजोबांना पाणी नाही."

"आर यू शुअर?"

"शुअर."

मग घट बसवला, देवीची आरती केली, आणि तिला जे केलं ते सांगितलं. माफी मागितली नाही. तुमच्यापासून एवढं मात्र लपवत नाही: सवयीनं मी तांब्या भरून तीळ घालून ठेवला होता. तो कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. तरी रीतीप्रमाणे विचारते. तिथे पाणी कोण भरतं, ते उलटटपाली कळवावं.