पिठाच्या डब्यातले चार लाख

आई,

तू गेल्यावर पिठाच्या डब्याच्या तळाशी सापडलेले चार लाख मी बँकेत भरले. आज आयकरवाल्या साहेबांनी विचारलं, कुठून आणले? म्हटलं, आईने तीस वर्षं लोकांची धुणीभांडी करून साठवले. नोटांना बांधलेल्या माझ्या जुन्या फ्रॉकच्या चिंध्याही दाखवल्या. शहाणपणा करून तुझ्या मृत्यूच्या दाखल्यासोबत दवाखान्याची फाइलही नेली होती. साहेबांनी ती चाळली.

"एवढे पैसे होते, तर ऑपरेशनची ऐपत नाही असं कुणी लिहून दिलं?"

मीच दिलं होतं. तूच म्हणालीस, आपल्याकडे कुठले गं पैसे.

मग मी आणखी एक कागद लिहून दिला, की पैसे आईचे नव्हतेच. आता करावर दंडही लागेल, तो मी भरीन. पण पैसे असताना मी तुला मरू दिलं, हे मला कुठल्याच कागदावर नको.

तुझी,
चिमी