हुस्नाबीच्या पत्रिकेचा फॉन्ट

२ एप्रिल २००७, सोमवार
विंडोज गेलं. व्हायरसने खाल्लं. भाचा पियुष नागपूरहून येऊन लिनक्स टाकून गेला. फुकट, आणि यवतमाळात दुसऱ्या कोणत्याच डीटीपी सेंटरकडे नाही. माझं पत्रिकांचं जुनं सॉफ्टवेअर यात ‘वाइन’ नावाच्या प्रोग्रामवर चालतं म्हणे. ह्यांना नाव सांगितलेलं नाही.
संकल्प: आठवड्यात तरबेज व्हायचं. पियुषला फोन करायचा नाही.

३ एप्रिल
शेजारच्या शिलाईवाल्या हुस्नाबीच्या थोरल्या मुलीचा, कहकशांचा, निकाह पंधराला. बोरी अरब गावच्या तिच्या गिऱ्हाइकांसाठी मराठी पत्रिका हव्यात, दोनशे. यंदा कापसाला भाव नाही, म्हणून लग्नंही कमी. महिन्यातली ही पहिलीच ऑर्डर. शुक्रवारी देते म्हटलं.
तिच्या दुकानाची पाटी मीच रंगवली होती. ब्रशने! कुठून कुठे आले मी.

४ एप्रिल
सॉफ्टवेअर उघडलं. नव्वद टक्के काम झालं. फक्त अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात.

५ एप्रिल
हे म्हणाले, जुनंच परत टाकायचं सोडून हे कायले आणलं? प्रगतीला विरोध घरातूनच होतो.
पियुषला फोन केला. सहज, खुशाली विचारायला. बंद आहे. परीक्षा.

६ एप्रिल, शुक्रवार
अक्षरं आली, पण ओळी पानाबाहेर गेल्या. नवरदेवाचे चारही काका उडाले. हुस्नाबीला म्हटलं, सध्या सुटसुटीत पत्रिकांची फॅशन आहे. ती म्हणाली, “काका रुसले तर फॅशन जेवाले येईल का?”
सोमवारी देते म्हटलं.

९ एप्रिल
काका परत आणले. आता प्रिंटर ओळख दाखवत नाही. समोरच्या झेरॉक्सवाल्या मुजफ्फरकडे विंडोज आहे. मेले तरी जाणार नाही.
हुस्नाबी म्हणाली, “बेबीताई, पत्रिका छापून राह्यली का निकाह पुढं ढकलून राह्यली?” हसली नाही. आज तिच्याकडून चारचा चहाही आला नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा.

१० एप्रिल
भारनियमन. काळा पेन घेतला आणि पत्रिका हातानेच लिहिली. काका मावले. वीज आल्यावर मुजफ्फरकडे झेरॉक्स काढल्या. त्याने विचारलं, फॉन्ट कोणता? म्हटलं, लिनक्सचा. खोटं कुठे आहे? लिनक्समुळेच तर लिहावी लागली.

१५ एप्रिल
निकाह झाला. काका जेवले. हुस्नाबीने माझ्या ताटात दोनदा जर्दा, म्हणजे तो गोड केशरी भात, वाढला. सांगत होती, मुजफ्फर पहिल्याच दिवशी म्हणाला होता, तासाभरात करून देतो. “मीच नाही म्हटलं. म्हटलं, आमची बेबीताई करून राह्यली.”
मग कानाशी येऊन म्हणाली, “लिनक्स भारी आहे हां. माह्या पाटीवर बी तू हाच फॉन्ट लावलता.”
मी जर्द्यातले काजू मोजत बसले.
“धाकटीच्या पत्रिकेले बी हाच पाहिजे.”
धाकटी चौथीत आहे. तोवर प्रिंटर नक्की जमेल.