निळ्या अस्तराचा डबा

प्रिय काका,

फोनच करणार होते, पण फोनवर तुमचे शब्द दोनच, 'हं' आणि 'ठेवतो'. पत्र असं मधेच ठेवता येत नाही. गेल्या आठवड्यात धाकट्यानं कळवलं, की तुम्ही गोटी पान्यांचे सगळे जुने डबे कागदात गुंडाळायला घेतलेत आणि महिनाअखेर पुतण्याकडे कायमचे राहायला निघालात. कारण काय, तर "पोरांचं घर पोरांना." ही पोरं कोण ते जरा कळवा. आमच्यातल्या एकाला ढेरी सुटलीय आणि दुसरी केस रंगवते.

आईनं पन्नाशीत तुमच्याशी लग्न केलं तेव्हा मी सासरी नुकती कुठे रुळत होते. तुम्ही कपड्यांची एक पिशवी घेऊन आलात आणि मागून टेम्पोभर लोखंड आलं. मावशी दारातच म्हणाली, "अगं, नवरा केलास की गॅरेज?" मीही काही कमी नव्हते. साप्ताहिकातल्या माझ्या सदरात लिहून मोकळी झाले: एक गृहस्थ आहेत, त्यांचं रॅचेट, म्हणजे पाना फिरवायचा दांडा, घरात दिवसभर कडकडतं; त्यांच्याकडे जगातला कुठलाही नट उघडायचं हत्यार आहे, फक्त स्वतःचं तोंड उघडायचं नाही. आई पोट धरून हसली. तुम्ही लेख दोनदा वाचलात, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "छान आहे. फक्त रॅचेट कडकडत नाही, टिकटिकतं." लोकांची टर उडवून पोट भरणाऱ्या बाईला असा वाचक भेटणं ही शिक्षाच.

मग जुन्या बाजारात तुमच्यामागून हिंडताना मलाही तो नाद कधी लागला, कळलंच नाही. लोक झाकणावरचं कंपनीचं नाव वाचून हुरळायचे. तुम्ही म्हणायचात, "डबा कुणाचाही असतो, आतली माणसं बघ." माणसं म्हणजे गोट्या! नटावर टोपीसारखी बसणारी एकेक गोटी उजेडात फिरवायची, दांडा बसतो ते चौकोनी भोक पाहायचं, कडेचा खरखरीत पट्टा नखानं चाचपायचा, आणि मुलामा कुठे झिजलाय ते बघायचं. "नाव कुणीही ठोकेल. झीज खोटी करता येत नाही." गोटी घासून चकचकीत करायला कुणी तारेचा ब्रश काढला, की डोळ्यांदेखत कुणी मांजर मारल्यासारखा तुमचा चेहरा व्हायचा. एकदा घरी नवा आणलेला डबा लावताना मी हुशारीनं एक गोटी बाजूला काढली. आकडा अर्ध्या इंचाचा आणि तोंड भलतंच मोठं. म्हटलं, "ही घुसखोर." तुम्ही ती उचलून परत जागेवर ठेवलीत. "जुन्या मापात आकडा नटाचा नसतो, आतल्या बोल्टच्या जाडीचा असतो. या डब्यात हीच खरी." आई आतून ओरडली, "लग्नाआधी मलाही असंच उजेडात फिरवून पाहिलंत ना?" तुम्ही कानापर्यंत लाल. आम्हाला ते महिनाभर पुरलं.

आणि तो निळ्या अस्तराचा डबा! कारखान्यातून निघाल्यापासून एकाही नटाला न शिवलेला. तुम्ही तो दाखवायचात, हातात मात्र द्यायचा नाहीत. "वापरला की संपला."

परवा मी आले, तर पुढे पुतण्याचा घोळ व्हायला नको म्हणून तुम्ही मला सेट ओळखून चिठ्ठ्या लावायला बसवलंत आणि चहा टाकायला गेलात. मी तो डबा पहिल्यांदाच हातात घेतला. एका मोठ्या गोटीच्या आतल्या कोपऱ्यांत मुलामा खरवडलेला, आणि तिथे हिरव्या रंगाची खपली. बाकीचे डबे भराभर उघडले. त्या मापाची गोटी एकात गहाळ, दुसऱ्यात झिजून गुळगुळीत. तो हिरवा मी ओळखते, काका. आईच्या शेवटच्या आजारात आम्ही आणलेल्या जुन्या लोखंडी पलंगाचा तो रंग. तिनं कूस बदलली की पलंग किंचाळायचा, तिचा डोळा लागायचा नाही. धाकट्याचे नवे पाने त्या जुन्या नटांवरून नुसते घसरत होते. मग एक दिवस पलंग गप्प झाला. मला वाटलं, धाकट्यानं मिस्त्री आणला. त्याला वाटलं, मी. आम्ही भावंडं एकमेकांवर इतकी खूश होतो की विचारायचंच राहिलं. तुम्हीही बोलला नाहीत, पण ते काय नवीन? आई शेवटी-शेवटी शांत झोपायची, गालाखाली हात घेऊन. ती झोप तुम्ही दिलीत. मला खोड्या काढायची सवय, आभार मानायची नाही, म्हणून आडवळण न घेता लिहिते: तुमचे फार उपकार आहेत आमच्यावर.

पण हे पत्र काही आभाराचं नाही. आई गेली तेव्हा मावशी गळ्यात पडून म्हणाली, "तुझं माहेर संपलं गं बाई." मीही तसंच धरून चालले होते. परवा दार उघडल्या उघडल्या तुम्ही विचारलंत, "जेवून आलीस, की वाढू?" घरी हे मी सगळ्यांना विचारते. मला विचारणारे तुम्ही एकटे उरलात. तुम्ही पुतण्याकडे गेलात, तर मी रुसून यायचं कुणाकडे? डबे परत फळीवर लावा. रविवारी येतेय. जेवून येणार नाही.

तुमचीच,
मोठी लेक